रिकामे होल्स्टर आणि पूना रायफल्स

कैरोच्या बाजारातली गर्दी दुभंगते आणि काळ्या झग्यातला एक धिप्पाड माणूस पुढे येतो. हातातली भली मोठी तलवार तो या हातातून त्या हातात घेतो, गरगर फिरवतो, हसतो. समोर घामाने निथळलेला, दमलेला इंडियाना जोन्स. त्याच्या चेहऱ्यावर भीती नाही. कचेरी सुटायच्या वेळी साहेबाने नवी फाइल पुढे टाकावी तसा वैताग आहे. तो कमरेचे रिव्हॉल्व्हर काढतो, एक गोळी झाडतो आणि वळून चालू लागतो. थिएटरात हशा पिकतो.

१९८१ च्या 'रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क'मधला हा प्रसंग ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांनाही ठाऊक असतो, आणि त्याच्या जन्माची कथाही. चित्रीकरण ट्युनिशियात चालू होते, हॅरिसन फोर्ड पोटाच्या विकाराने हैराण झाला होता. चाबूक विरुद्ध तलवार अशी लांबलचक झुंज ठरली होती, टेरी रिचर्ड्स या स्टंटमनने तिची तयारीही केली होती. पण तेवढा वेळ उभे राहण्याचे त्राण फोर्डमध्ये नव्हते, म्हणून एका गोळीत काम आटोपले. कथा खरी आहे, पण तिने या प्रसंगाच्या समीक्षेची जागा बळकावली आहे. प्रसंग कसा घडला हे एकदा कळले की तो काय सांगतो हे विचारायचे आपण विसरतो. नटाचे पोट बिघडले हे शंभर टक्के खरे असले तरी प्रेक्षक हसले ते त्याचे पोट बिघडले म्हणून नव्हे.

कशाला हसले, हा या लेखाचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधण्यासाठी मी फोर्डच्या चेहऱ्यापेक्षा त्याच्या हाताकडे आणि त्या हातातल्या हत्याराकडे पाहणार आहे. साहसपटातल्या नटाची कारकीर्द त्याच्या हातातल्या बंदुकांवरून वाचणे हा हौशी संग्राहकांचा उद्योग समजला जातो. कोणत्या चित्रपटात कोणते मॉडेल, नळी किती इंचांची, याच्या याद्या ते करतात. त्या याद्यांना हसू नये. पडद्यावर जे दिसते त्यात नटाचे वय मेकअपने लपते, शहर बदलून दुसरे शहर दाखवता येते. पण लोखंडाची वस्तू आपला जन्म सहसा लपवू शकत नाही.

फोर्डचा जन्म १९४२ चा, शिकागोतला. हॉलिवूडमध्ये पहिली काही वर्षे किरकोळ भूमिकांत गेली आणि संसार चालवायला तो सुतारकाम करू लागला. १९७३ च्या 'अमेरिकन ग्राफिटी'त जॉर्ज ल्यूकसने त्याला छोटे काम दिले, १९७७ च्या 'स्टार वॉर्स'मध्ये मोठे. सुतारकामाचा उल्लेख त्याच्यावरच्या प्रत्येक लेखात येतो, बहुधा 'गरिबीतून वर आलेला नट' या साच्यात बसवण्यासाठी. मला तो वेगळ्या कारणाने महत्त्वाचा वाटतो. सुताराचा हात हत्यार मिरवत नाही. पटाशी उचलतो, काम करतो, ठेवून देतो. पडद्यावर पिस्तूल धरताना जॉन वेन ते मिरवतो, क्लिंट ईस्टवुड त्याच्याशी जणू संगनमत करतो. फोर्डच्या हातात ते ओझे असते. त्याच्या संवादात जी प्रसिद्ध लकब आहे, समोरच्याच्या तोंडावर तर्जनी रोखून बोलण्याची, तिच्यात मला नेहमी जास्त जरब वाटते. जणू बोट पुरत असताना बंदूक कशाला, असा त्याचा हिशेब असावा.

'स्टार वॉर्स'मध्ये त्याने साकारलेल्या हान सोलो या तस्कराच्या कमरेला जे अस्त्र आहे ते 'ब्लास्टर'. ते ज्यातून घडले ते मात्र पृथ्वीवरचेच, आणि चांगलेच जुने. चित्रीकरण लंडनजवळच्या एल्स्ट्री स्टुडिओत १९७६ साली झाले. पैसा बेताचा होता, त्यामुळे सेट सजवणाऱ्या रॉजर ख्रिश्चनने भविष्यातली शस्त्रे नव्याने घडवण्याऐवजी 'बॅप्टी' या चित्रपटांना हत्यारे भाड्याने देणाऱ्या जुन्या लंडनच्या पेढीची फडताळे धुंडाळली. तिथे मिळाले १८९६ सालच्या रचनेचे जर्मन माउझर पिस्तूल. घोड्यापुढे चौकोनी काडतूसपेटी, झाडूच्या दांड्यासारखी गोल मूठ. त्याच्यावर दुर्बीण बसवली, नळीच्या तोंडाला विमानावरच्या मशीनगनचा तुकडा लावला आणि परग्रहावरचे अस्त्र तयार झाले. साम्राज्याच्या पांढऱ्या चिलखतातल्या शिपायांना दिली ती स्टर्लिंग सबमशीनगन, म्हणजे त्या काळी ब्रिटिश सैन्य प्रत्यक्ष वापरत असलेले हत्यार. पोकळ काडतुसांचे बार उडवले जात, त्यामुळे नळीच्या तोंडाशी खरी ज्वाला दिसते. बारकाईने पाहणाऱ्याला या 'किरणांच्या' बंदुकांतून पितळी पुंगळ्या उडतानाही दिसतात.

ही स्टर्लिंग आपल्याला परकी नाही. कानपूरच्या स्मॉल आर्म्स फॅक्टरीत ती 'कार्बाइन' म्हणून वर्षानुवर्षे बनली. बँकेच्या व्हॅनपाशी किंवा मंत्र्याच्या ताफ्यात उभ्या पोलिसाच्या खांद्याला तिरकी टांगलेली, भोकाभोकांच्या नळीची ती आखूड बंदूक आपण आयुष्यभर पाहिली आहे. आणि माउझरचे काय? २६ ऑगस्ट १९१४ रोजी कलकत्त्यात रॉडा कंपनीच्या आलेल्या मालातून ५० माउझर पिस्तुले आणि ४६,००० काडतुसे क्रांतिकारकांनी दिवसाढवळ्या बैलगाडीतून लांबवली. पुढच्या वर्षी बालासोरजवळ बाघा जतीन आणि त्यांच्या साथीदारांनी पोलिसांना तोंड दिले ते माउझर हाती घेऊनच. १९२५ साली काकोरीला गाडी अडवणाऱ्यांकडेही माउझरच होती. हेच पिस्तूल १८९८ साली सुदानात तरुण विन्स्टन चर्चिलच्या हातातही होते, हेही सांगितले पाहिजे. हत्याराला पक्ष नसतो.

एल्स्ट्रीच्या मंडळींना यातले काही ठाऊक असेल असे मी म्हणणार नाही. त्यांनी फडताळावर होते ते उचलले. पण फडताळावर काय असावे हे इतिहासानेच ठरवलेले होते. परिणाम असा, की साम्राज्याच्या शिपायाच्या हातात ब्रिटिश बंदूक आली आणि साम्राज्याला हुलकावणी देणाऱ्या तस्कराच्या हातात ते पिस्तूल, जे बंगालमध्ये चोरून, लपवून, धोतराच्या केळात खोचून वापरले गेले. आपल्याकडच्या प्रेक्षकाला हान सोलो पाहताक्षणी आपला का वाटला याची इतर शंभर कारणे असतील. हे एकशे एकावे.

याच पिस्तुलाभोवती चित्रपटाच्या इतिहासातला एक विलक्षण वाद उभा राहिला. गुत्त्यात टेबलापलीकडे ग्रीडो नावाचा सुपारीबाज हानवर पिस्तूल रोखून बसला आहे. फोर्ड अगदी सैलावून बसतो. एक हात भिंतीशी चाळा करत असतो, दुसरा टेबलाखाली हळूच होल्स्टरकडे जातो. गप्पा चालू असतानाच टेबलाखालून बार उडतो. हान उठतो, गुत्तेवाल्याकडे नाणे फेकतो आणि निघून जातो. १९७७ साली हे असे होते. १९९७ साली ल्यूकसने चित्रपट नव्याने सजवून आणला तेव्हा संगणकाच्या मदतीने ग्रीडोला आधी गोळी झाडायला लावली, तीही हातभर अंतरावरून नेम चुकवून. २००४ च्या आवृत्तीत दोघे जवळजवळ एकाच क्षणी झाडतात. २०१९ साली पुन्हा थोडा फेरफार झाला. चाहते रागावले, सदऱ्यांवर घोषणा छापून हिंडले.

वरवर पाहता हा पोरकट वाद. पण ल्यूकसला बदलायचे काय होते ते पाहा. नायकाने स्वतःहून मारले ही गोष्ट पुसायची होती. त्याने मारावे, पण नाइलाजाने. हात रंगावेत, पण दोष दुसऱ्याचा असावा. मूळ प्रसंगात फोर्डने जे केले ते याच्या अगदी उलट होते. त्याच्या चेहऱ्यावर रागही नव्हता आणि पश्चात्तापही. तस्कराच्या धंद्यातला एक खर्च त्याने चुकता केला, बस्स. पुढे हाच माणूस मित्रांसाठी परत येतो तेव्हा त्या परतण्याला वजन येते, ते आधीच्या बेफिकीर गोळीमुळे. गोळी निर्दोष केली की परतणेही फुकटचे होते. लेखनातही हे घडते. आत्मचरित्राच्या दुसऱ्या आवृत्तीत पहिलीतली एखादी ओळ गुपचूप गाळलेली आपण पाहतोच.

आता पुन्हा कैरोकडे. जोन्सच्या कमरेचे रिव्हॉल्व्हर स्मिथ अँड वेसनचे, अमेरिकी कारखान्यात पहिल्या महायुद्धासाठी ब्रिटिश सैन्याच्या मागणीवरून बनलेल्या ०.४५५ बोरच्या मालातले, नळी कापून आखूड केलेले. तेही बॅप्टीकडूनच आले. त्याचा आवाज मात्र त्याचा नाही. ध्वनिसंयोजक बेन बर्टने विंचेस्टर रायफलचा बार ध्वनिमुद्रित करून तो रिव्हॉल्व्हरला जोडला. म्हणूनच ती एकच गोळी बाजारभर घुमते. हातात लहान हत्यार आणि कानात मोठे, ही लबाडी प्रेक्षकाच्या लक्षात येत नाही, पण अंगावर येते. तलवारबाजाची एवढी नजाकत आणि पुढे एक धडाम. विनोदाचे सगळे यंत्र या विसंगतीवर उभे आहे.

त्या यंत्राला मराठी प्रेक्षकाने किती सहज साथ दिली, याचे मला आश्चर्य वाटत आले आहे. आपण भालजी पेंढारकरांच्या 'मराठा तितुका मेळवावा'सारख्या चित्रपटांवर वाढलेली माणसे. तलवार आपल्याकडे पूजेत असते, दसऱ्याला तिला हळदकुंकू लागते. तलवारीला गोळीने गप्प बसवले की काय होते हे १८१८ ने आपल्याला शिकवले. अर्थात पेशव्यांच्या फौजेत तोफा आणि कवायती पलटणीही होत्या, 'तलवार विरुद्ध बंदूक' ही इतिहासाची सोपी केलेली आवृत्ती आहे, हे मला मान्य. पण चित्रपट सोप्या आवृत्त्यांवरच चालतो. आणि या सोप्या आवृत्तीत आपण तलवारीच्या बाजूने असायला हवे होते. तरी आपण हसलो, कारण फोर्डचा वैताग आपल्याला ओळखीचा वाटला. विजेत्याचा माज त्यात दिसला असता तर कदाचित हसलो नसतो. दमलेल्या नोकरदाराने कटकट संपवावी तसे त्याने एका माणसाला संपवले, आणि आपणही दमलेले नोकरदारच. फोर्डच्या अभिनयाचे हे सामर्थ्य आहे आणि त्यातला धोकाही. त्याचा थकवा मारण्याला माणुसकीचा मुलामा देतो.

स्टीव्हन स्पीलबर्गला आणि ल्यूकसला या हशाचे मोल कळले होते. १९८४ च्या 'टेम्पल ऑफ डूम'मध्ये त्यांनी तो पुन्हा वसूल केला, उलटा करून. कथा १९३५ सालची, म्हणजे कैरोच्या एक वर्ष आधीची, आणि बहुतांश भारतात घडणारी. भारत सरकारने संहिता पाहून चित्रीकरणाला परवानगी दिली नाही, तेव्हा श्रीलंकेत कँडीजवळ गाव वसवण्यात आले. शेवटाकडे दोराच्या पुलापाशी दोन तलवारधारी जोन्सच्या अंगावर येतात. तो गालात हसतो, हात कमरेकडे नेतो. होल्स्टर रिकामे. रिव्हॉल्व्हर सुरुवातीलाच शांघायच्या मोटारीतल्या पाठलागात नायिकेच्या हातून पडून गेले आहे. प्रेक्षक कैरो आठवून खदखदतात. जोन्स चाबूक आणि तलवार यांवर निभावून नेतो, आणि शेवटी त्याच तलवारीने पुलाचा दोर तोडतो.

या चित्रपटावर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले, त्यातले बहुतेक जेवणाच्या दृश्याबद्दल. माकडाच्या मेंदूचे गोड आणि किडे पाहून जो संताप आला तो रास्त होता. अमरीश पुरींनी मोलाराम का केला, हाही प्रश्न विचारला गेला. सत्यदेव दुबे यांच्या नाटकांतून घडलेला, 'भूमिका'त, म्हणजे हंसा वाडकरांच्या आयुष्यावर बेतलेल्या चित्रपटात, नायिकेला घरात कोंडणाऱ्या जमीनदाराची थंड क्रूरता दाखवणारा हा नट इथे शिंगांचा मुकुट घालून लोकांची काळजे उपटतो. पण ती भूमिका त्यांनी ज्या घनगंभीर ताकदीने केली तिच्यामुळेच फोर्डला समोर तोलाचा माणूस मिळाला, असे माझे मत आहे. जेवणावरच्या रागात एक महत्त्वाची गोष्ट मात्र नजरेआड झाली. चित्रपटातली निर्णायक गोळी कोण झाडते?

पूल तुटला आहे. मोलाराम मगरींच्या तोंडी गेला आहे. जोन्स कड्याला लटकत वर येतो आहे आणि पलीकडच्या कड्यावरून ठग त्याच्यावर बाणांचा वर्षाव करत आहेत. त्याच्याकडे बंदूक नाही. तेवढ्यात कॅप्टन ब्लमबर्ट आपल्या पलटणीसह येतो आणि रायफलींच्या फैरी झडतात. ठग पडतात. चित्रपट संपतो, मुले गावात परततात. या पलटणीचे नाव चित्रपटात सांगितले आहे: अकरावी पूना रायफल्स.

पूना हॉर्स हे नावाजलेले घोडदळ खरे. ही अकराव्या क्रमांकाची पलटण पटकथेतली. नाव कुणी सुचवले, नकाशावर बोट ठेवून की किपलिंगच्या काळातल्या 'पूना'च्या आठवणीने, त्याने फारसा फरक पडत नाही. फरक पडतो तो मांडणीने. नायकाचे होल्स्टर रिकामे ठेवले म्हणून हिंसा कमी झाली नाही, ती फक्त दुसऱ्याच्या हातात गेली. जोन्सने या चित्रपटाच्या भारतातल्या भागात शूरपणा केला तो चाबकाने, मुठीने, अकलेने. त्यामुळे तो गुलाम मुलांचा मुक्तिदाता म्हणून स्वच्छ राहिला. गोळ्या घालण्याचे काम साम्राज्याने केले, आणि तेही पुण्याच्या नावाने. १९८१ मध्ये गोळी नायकाची होती आणि हशा आपला. १९८४ मध्ये होल्स्टर रिकामे असल्याचा हशा आपला होता आणि गोळी साहेबाची. दुसरी तडजोड मला पहिलीपेक्षा अधिक अप्रामाणिक वाटते. कैरोमध्ये निदान मारणाऱ्याचा चेहरा दिसत होता.

ठगांचा बंदोबस्त ज्याच्या नावावर जमा आहे त्या स्लीमनने तो १८३० च्या दशकात केला, आणि त्याचे मुख्य हत्यार होते माफीचा साक्षीदार. कबुल्या, वंशावळी, कागद. ठग नावाचा जो पंथ त्या कागदांतून उभा राहिला तो कितपत खरा आणि कितपत कंपनी सरकारच्या भीतीने रंगवलेला, यावर इतिहासकार आजही वाद घालतात. शंभर वर्षांनी, १९३५ साली, कायदेभंगाची चळवळ नुकतीच होऊन गेलेल्या भारतात पटकथेला दिसला तो ठग, आणि त्याच्यावर उपाय दिसला रायफल.

१९८९ च्या 'लास्ट क्रुसेड'मध्ये जोन्सच्या कमरेला वेब्ली आली. वेब्ली म्हणजे ब्रिटिश अंमलदाराचे रिव्हॉल्व्हर. १८८७ पासून तिची वेगवेगळी रूपे साम्राज्याच्या सैन्यात होती. अमेरिकी प्राध्यापकाने शेवटी साहेबाचेच हत्यार घेतले असे म्हणण्याचा मोह होतो, पण मला या चित्रपटातला दुसराच प्रसंग मोलाचा वाटतो. नाझींच्या ताब्यातल्या किल्ल्यात जोन्स मशीनगन हिसकावतो आणि एका दमात तिघांना लोळवतो. त्याचा बाप, शॉन कॉनरी, डोळे विस्फारून पाहतो आणि पोराने केलेल्या कृत्यावर आपला विश्वास बसत नसल्याचे बोलून दाखवतो. जेम्स बाँड म्हणून ज्याने पिस्तूल हा पोशाखाचा भाग केला, तोच नट इथे बंदुकीने हादरतो. पुढे हा म्हातारा छत्रीने सीगल पक्ष्यांचा थवा उडवून लढाऊ विमान पाडतो. या मालिकेत बंदुकीला दिलेले इतके सुंदर उत्तर दुसरे नाही. मुलाला ते नुसते पाहत राहावे लागते, आणि फोर्ड ते पाहणे फार छान पाहतो.

इंडियाना जोन्सच्या दोन चित्रपटांच्या मध्ये, १९८२ साली, रिडली स्कॉटचा 'ब्लेड रनर' आला. पळालेल्या कृत्रिम माणसांना शोधून मारणारा डेकार्ड. त्याचे पिस्तूल ऑस्ट्रियन स्टायर मानलिखर रायफलचा मधला भाग आणि चार्टर आर्म्सचे बुलडॉग रिव्हॉल्व्हर जोडून घडवलेले, दोन चापांचे, लाल-हिरवे दिवे बसवलेले. भाता असा चमकदार, पण करणी पाहा. डेकार्ड या अख्ख्या चित्रपटात दोघांनाच मारतो आणि दोन्ही स्त्रिया आहेत. पहिलीला पाठीत गोळ्या घालतो. ती काचांमागून काचा फोडत कोसळते आणि कॅमेरा तिच्यापासून हलत नाही. इथे फोर्डचा थकवा आपल्याला हसवत नाही. गोळी झाडल्यावर तो जाऊन दारू विकत घेतो. हात कापतात हे नंतर कबूल करावे लागते. तिसऱ्याला त्याच्याच पिस्तुलाने एक स्त्री मारते, तीही कृत्रिम. चौथा, रॉय बॅटी, भिंतीतून त्याचा हात ओढून बोटे मोडतो आणि त्याच मोडक्या हातात पिस्तूल परत देतो. सुताराच्या हाताची एवढी क्रूर थट्टा फोर्डच्या दुसऱ्या कुठल्या चित्रपटात झालेली नाही. पुढे छपरावर डेकार्ड रिकाम्या हातांनी लटकतो आणि त्याचा जीव वाचवतो तो ज्याला मारायला हा निघाला होता तोच. रिकाम्या हाताच्या मदतीला इथे कुठलीही पलटण येत नाही.

आणि मग १९८५ चा 'विटनेस'. पीटर वेअर दिग्दर्शक. फिलाडेल्फियाचा गुप्तहेर जॉन बुक आपल्याच खात्यातल्या भ्रष्ट अधिकाऱ्यांपासून लपण्यासाठी आमिश शेतकऱ्यांच्या वस्तीत येतो. वीज नाही, मोटार नाही, हाती शस्त्र धरायचे नाही असा त्यांचा धर्म. खुनाचा साक्षीदार असलेला लहान सॅम्युएल बुकचे पिस्तूल शोधून काढतो. बुक आधी खेकसतो, मग गोळ्या काढून ते मुलाला हाताळू देतो. आई रेचल ते पाहते आणि हत्यार घरात नको म्हणते. पिस्तूल उंच ठेवले जाते, काडतुसे पिठाच्या डब्यात जातात. नंतर आजोबा नातवाला समोर बसवून, टेबलावर ते पिस्तूल ठेवून, हाताने जे उचलतो ते मनातही शिरते अशा अर्थाचे बोलतात. हे दृश्य उपदेशाचे होऊ शकले असते. तसे ते झाले नाही, कारण मुलगा निमूट ऐकत नाही. वाईट माणसाला आपण मारू, असे त्याचे म्हणणे. आजोबांना त्याच्याशी खराच वाद घालावा लागतो. आणि टेबलावरची वस्तू तशीच पडून असते, काळी, जड, त्या लाकडी घरात पूर्ण परकी. फोर्डच्या चित्रपटांत बंदुकीकडे इतका वेळ, इतक्या जवळून पाहिलेले दुसरे दृश्य मला माहीत नाही, आणि गंमत म्हणजे त्यात फोर्ड नाही.

याच चित्रपटात सगळे गाव मिळून एका दिवसात धान्याचे कोठार उभारते आणि फोर्ड खरोखरच्या सुतारासारखा हातोडा चालवतो. ते पाहिल्यावर पिस्तूल धरणारा हात आणि खिळा ठोकणारा हात एकच, हे वेगळे सांगावे लागत नाही. शेवटी तीन अधिकारी शॉटगन घेऊन शेतावर येतात. बुकपाशी काहीच नाही. पहिल्याला तो मक्याच्या कणगीत गाडतो. दाण्यांचा लोट माणसाला गिळतो. मग त्याच मक्यात हात घालून मेलेल्याची बंदूक उपसतो आणि दुसऱ्याला मारतो. चित्रपट त्याला इथे स्वच्छ ठेवत नाही. धान्यात बुडालेली बंदूक त्याने शोधून काढली, हे आपण पाहिले आहे. तिसऱ्यासमोर मात्र मुलगा घंटा वाजवतो, शेतांतून आमिश माणसे धावत येतात आणि नुसती उभी राहतात. इतक्या जणांच्या देखत किती जणांना मारशील, असे बुक विचारतो. समोरचा बंदूक खाली करतो. चित्रपटाचे नाव 'साक्षीदार' का, ते इथे कळते.

या भूमिकेसाठी फोर्डला ऑस्करचे नामांकन मिळाले, त्याच्या कारकिर्दीतले एकमेव. 'टेम्पल ऑफ डूम'नंतर वर्षभरातच त्याच नटाने तोच प्रश्न पुन्हा सोडवला: नायकाच्या हातात बंदूक नसेल तर त्याच्या बाजूने कोण उभे राहील? तिथे उत्तर होते पूना रायफल्स. इथे उत्तर आहे शेजारी.

नव्वदच्या दशकाबद्दल थोडक्यात सांगता येते. जॅक रायनचे दोन चित्रपट कामचलाऊ. १९९३ च्या 'फ्युजिटिव्ह'मध्ये निरपराध डॉक्टर किंबल बोगद्यात मार्शलचे पडलेले पिस्तूल उचलतो, त्याच्यावर रोखतो, आपण खून केला नाही एवढे सांगतो आणि चाप ओढत नाही. फोर्डचा हात इथे उत्तम आहे, पिस्तूल कसे धरायचे हे डॉक्टरला नीट ठाऊक नाही हे तो दाखवतो. १९९७ च्या 'एअर फोर्स वन'मध्ये तो थेट अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष होऊन विमानात सबमशीनगन चालवतो. हे त्याच वर्षी घडले ज्या वर्षी हान सोलोची पहिली गोळी पुसली गेली. तस्कराने आधी झाडली तर ते खुपते. राष्ट्राध्यक्षाने कितीही झाडल्या तरी टाळ्या.

पोकळ काडतुसांचा उल्लेख वर आला. तीही निरुपद्रवी नसतात. 'फ्युजिटिव्ह' आला त्याच वर्षी ब्रँडन ली हा तरुण नट 'द क्रो'च्या चित्रीकरणात मेला. आधी वापरलेल्या नकली काडतुसाचे टोक रिव्हॉल्व्हरच्या नळीत अडकून राहिले होते आणि नंतरच्या पोकळ बाराने ते बाहेर फेकले गेले. २०२१ मध्ये 'रस्ट'च्या सेटवर तर खरीच गोळी सुटली आणि छायालेखिका हलीना हचिन्स गेली. जे पडद्यावर खोटे असते ते सेटवर लोखंडच असते. हान सोलोचे त्यातले एक लोखंड २०२२ साली अमेरिकेत लिलावात निघाले आणि दहा लाख डॉलर्सच्या वर गेले. रॉडाच्या पन्नासांपैकी एखादे आज मिळाले तर त्याची किंमत कोण करील, असा विचार मनात आल्याशिवाय राहिला नाही.

फोर्डने जोन्स शेवटचा केला तो २०२३ च्या 'डायल ऑफ डेस्टिनी'त, ऐंशीच्या उंबरठ्यावर. टँजियरच्या एका हॉटेलात चोरीच्या वस्तूंचा लिलाव चालू आहे. म्हातारा जोन्स पुढे सरसावतो, चाबूक उलगडतो, हवेत फाडकन ओढतो आणि सगळ्यांना मागे व्हायला सांगतो. क्षणभर शांतता. मग त्या दालनातला एकूण एक माणूस कोटात हात घालून पिस्तूल बाहेर काढतो. जोन्सच्या चेहऱ्यावर पुन्हा तोच कैरोचा वैताग येतो, फक्त या वेळी तलवारवाल्याच्या जागी तो उभा आहे. गोळ्या सुटतात, आणि तो गुडघे सांभाळत खाली वाकतो.